बडीला आत येऊ द्या

मॉरिस फ्रँक विमा विकायचा. जन्म १९०८चा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचा. सहा वर्षांचा असताना घोड्यावरून जाताना झाडाची फांदी लागून एक डोळा गेला, सोळाव्या वर्षी बॉक्सिंगमध्ये दुसरा. आईसुद्धा अंधच. बाहेर जायचं तर पैसे देऊन एखादा मुलगा सोबत घ्यायचा, आणि तो कंटाळला की घरी परतायचं. एकोणीस-वीस वर्षांच्या माणसाला हे किती टोचत असेल, ते आपल्या वयाच्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

१९२७च्या नोव्हेंबरात वडिलांनी त्याला साप्ताहिकातला एक लेख वाचून दाखवला. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी तो लिहिला होता. युद्धात दृष्टी गेलेल्या जर्मन सैनिकांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांविषयी होता. मॉरिसने लगेच पत्र लिहवून घेतलं. आपल्याला शिकवलं तर परत येऊन इथल्या अंधांनाही हे मिळवून देईन, असा शब्द दिला.

१९२८मध्ये तो बोटीने निघाला. एकटा अंध प्रवासी म्हणून त्याला चक्क पार्सलसारखं एका कंपनीच्या हवाली केलं होतं! तिकडे त्याला एक जर्मन शेफर्ड मादी मिळाली. तिचं नाव किस. आता भर रस्त्यात तरुण मुलाने अशी हाक कशी मारायची? त्याने तिचं नाव बडी ठेवलं.

जूनमध्ये दोघं न्यूयॉर्कला उतरली. वार्ताहरांच्या डोळ्यांदेखत गाड्यांच्या गर्दीतून त्यांनी वेस्ट स्ट्रीट ओलांडला. मालकाने पुढे चल म्हटलं तरी गाडी येत असेल तर बडी हलायची नाही, ही खरी तिची विद्या.

पण रस्ता ओलांडून जायचं कुठे? रेल्वेवाले म्हणायचे, कुत्रं सामानाच्या डब्यात ठेवा. हॉटेलवाले दारातच अडवायचे. माणसाला परवानगी आणि त्याच्या डोळ्यांना बंदी, असला तो न्याय. मला वाटतं, मॉरिसचं मोठं काम इथून पुढचं आहे. १९२९मध्ये युस्टिसबाईंबरोबर त्याने 'द सीइंग आय' ही संस्था नॅशव्हिलला सुरू केली, ती पुढे न्यू जर्सीत गेली. कुत्री तिथे तयार व्हायची, पण दारं उघडायला मॉरिस गावोगाव फिरायचा, अधिकाऱ्यांना भेटायचा, बडीला समोर बसवून दाखवायचा. दया नको होती त्याला. तिकीट काढलेल्या प्रवाशाचा हक्क हवा होता.

१९३५पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या रेल्वे कंपन्यांनी वाटाड्या कुत्र्याला मालकाजवळ बसायची मुभा दिली. १९३८मध्ये एका विमान कंपनीनेही दिली. त्याच वर्षी बडी गेली. सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाची हमी देणारे कायदे सगळ्या राज्यांत व्हायला मात्र १९५६ उजाडलं. मॉरिस संस्थेतून निवृत्त झाला तोही त्याच वर्षी.

तो १९८०मध्ये वारला. बडीनंतर त्याने जेवढी कुत्री पाळली, त्या सगळ्यांचं नाव बडीच होतं.