कॅशे शिळा झाला की काय होतं? १८६५ चं पंचांग आणि केरूनाना छत्रे

कांद्याचा भाव बघून गाडी भरायची आणि मार्केट यार्डात पोचल्यावर कळायचं, की ॲपमधला आकडा परवाचा होता. आमच्या श्रीरामपूरकडे हा अनुभव बऱ्याच घरांत आहे. ॲपचा स्क्रीन चकाचक, वर आजची तारीख, खाली भाव मात्र जुना. ह्याला आम्ही डेव्हलपर लोक ‘स्टेल कॅशे’ म्हणतो, म्हणजे शिळा साठा.

कॅशे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. दर वेळी मूळ सर्व्हरला विचारायचं तर वेळ जातो आणि सर्व्हरवर लोड येतो. म्हणून एकदा काढलेलं उत्तर जवळ ठेवायचं आणि पुढच्या माणसाला तेच द्यायचं. सोपं आहे. अवघड आहे ते दुसरंच: हे उत्तर कधी फेकायचं? रोज बदलणाऱ्या माहितीसाठी हा प्रश्न आपल्याकडे मोबाईलच्या फार आधी पडला होता, आणि त्यावर आयुष्यातली बरीच वर्षं घालवणारा माणूस म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना केरूनाना म्हणत. बहुतेकांना ते टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून माहीत असतात, पण त्यांचं खरं काम त्याहून मोठं आहे.

केरूनानांचा जन्म १८२४ सालचा, अलिबागजवळच्या नागावचा. शिक्षण मुंबईत, एल्फिन्स्टनमध्ये. तिथे प्राध्यापक ऑर्लेबार आणि बाळशास्त्री जांभेकर असे शिक्षक मिळाले. पोरगा गणितात इतका तयार, की विशीच्या आतच कुलाब्याच्या वेधशाळेत सहायक म्हणून लागला. काम काय, तर ठरलेल्या वेळी उपकरणं वाचायची आणि आकडे लिहायचे. कंटाळवाणं वाटतं ना? पण ह्या नोकरीत एक सवय लागते: कागदावर काय लिहिलंय त्यापेक्षा आत्ता समोर काय दिसतंय ते आधी बघायचं. सुमारे दहा वर्षं त्यांनी हे केलं. १८५१ च्या सुमारास ते पुण्यात शिकवायला आले आणि पुढे डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

आता पंचांगाकडे या. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढायला लागणारा वेळ. चंद्राचा वेग सारखा नसतो, त्यामुळे एक तिथी कधी २० तासांची, तर कधी जवळपास २७ तासांची. म्हणजे हा अस्सल डायनॅमिक कंटेंट. घरोघरी रोज हे गणित करणं शक्य नाही, म्हणून जोशीबुवा वर्षभराचं एकदाच काढून ठेवायचे. पंचांग हा कॅशे, मुदत एक वर्ष, आणि पाडव्याला जुना फेकून नवा आणायचा. टीटीएल म्हणतात तो हाच. (टीटीएल म्हणजे साठवलेलं उत्तर किती काळ खरं धरायचं त्याची मुदत.)

पण जोशीबुवा तरी कुठून काढायचे? ते आकाशाकडे बघत नव्हते. त्यांच्याकडे गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ होता, शके १४४२ चा, म्हणजे इसवी सन १५२० चा. हे गणेश दैवज्ञ कोकणातल्या नांदगावचे, म्हणजे केरूनानांच्याच किनारपट्टीचे. ग्रंथ काय जबरदस्त आहे! लाखो दिवसांची मोजदाद करत बसू नये म्हणून त्यांनी ४०१६ दिवसांचं, साधारण ११ वर्षांचं चक्र पकडलं. चक्रं किती झाली ते मोजा, उरलेल्या दिवसांपुरताच हिशोब करा. ज्या-कोज्यांची कटकटही काढून टाकली. तिथींसाठी ‘तिथिचिंतामणी’ ही वेगळी कोष्टकं दिली, आकडा शोधा आणि वापरा. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रीकॉम्प्युटेड टेबल. आणि हे सगळं त्यांनी स्वतःच्या काळात वेध घेऊन, आकाशाशी जुळवून केलं होतं.

घोळ इथेच आहे. पंचांग दर वर्षी नवं छापलं जात होतं, पण ज्या कोष्टकांवरून ते बनायचं ती साडेतीनशे वर्षं तशीच होती. वरचा कॅशे ताजा, खालचा शिळा. हा बग सर्वांत फसवा असतो, कारण तारीख आजचीच दिसते. सीडीएन दहा वेळा पर्ज केला तरी मागचा डेटाबेस कॅशे जुना असेल तर जुनंच उत्तर नवं होऊन येतं. कांद्याच्या भावात तेच होतं.

चूक केवढी होती तेही बघू. सूर्यसिद्धांतातलं वर्ष ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटं ३६ सेकंदांचं. ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेलं खरं वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटं १० सेकंदांचं. फरक साडेतीन मिनिटांचाही नाही. पण हजार वर्षं साचू द्या, जवळपास २.४ दिवस होतात. शिवाय चंद्राच्या गतीतले काही बारीक फरक जुन्या गणितात नव्हतेच, त्यामुळे तिथी संपायची वेळ काही तासांनी हुकायची. ती वेळ सूर्योदयाच्या आसपास असली की एकादशीचा दिवसच बदलतो. उपवास करणाऱ्यासाठी ही छोटी गोष्ट नाही.

केरूनानांनी मूळ सर्व्हर, म्हणजे आकाश, परत वाचायचं ठरवलं. युरोपातल्या वेधांवर आधारलेली फ्रेंच-इंग्रजी कोष्टकं अभ्यासून त्यांनी मराठीत ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक तयार केलं, ते १८६० मध्ये छापलं गेलं. मराठीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फक्त नवं उत्तर देऊन ते थांबले नाहीत, उत्तर काढायची रीतही जोशीबुवांच्या हातात दिली. ओपन सोर्सच म्हणा ना. पाच वर्षांनी, शके १७८७ पासून, आबासाहेब पटवर्धनांच्या मदतीने ह्या पद्धतीचं पंचांग निघू लागलं. त्याला पटवर्धनी पंचांग म्हणतात.

इथपर्यंत गणित होतं, पुढे माणसं आली. राशीचक्र मोजायला सुरुवात कुठून करायची? केरूनानांनी रेवतीतला झीटा पीशियम हा तारा आरंभ धरला. तार्किक निर्णय होता, पण त्यामुळे रूढ पंचांगापेक्षा आरंभबिंदू सुमारे चार अंशांनी सरकला. तिथीला त्याने फरक पडत नाही, कारण तिथी हे दोन ग्रहगोलांमधलं अंतर आहे. पण संक्रांत चार दिवस आधी येते, आणि संक्रांतीवरून अधिक महिना ठरत असल्यामुळे एखाद्या वर्षी सगळे सणच महिनाभराने पुढेमागे होतात. अख्खं गाव एका दिवशी गणपती बसवणार आणि तुम्ही दुसऱ्या? बहुतेकांनी जुनंच चालू ठेवलं. त्यांना मी हसणार नाही. लाखो लोक ज्या डेटावर अवलंबून आहेत तो एका रात्रीत बदलायचं धाडस आम्हीही करत नाही.

दुसऱ्या बाजूने विसाजी रघुनाथ लेले होते. त्यांना हाही बदल अपुरा वाटत होता. ऋतूंशी जुळणारं सायन पंचांगच हवं असा त्यांचा आग्रह, आणि त्यावर दोघांचा वाद वर्तमानपत्रांतून चालला. म्हणजे केरूनाना एका गटाला फार पुढे गेलेले वाटत होते आणि दुसऱ्याला फार मागे राहिलेले.

१९ मार्च १८८४ रोजी ते गेले. पंचांग तेव्हाही थोड्याच घरांत होतं. त्यांच्या विद्यार्थ्याने, टिळकांनी, हा विषय सोडला नाही. १९०४ मध्ये मुंबईत, १९१७ मध्ये पुण्यात आणि १९१९ मध्ये सांगलीत ज्योतिषांच्या परिषदा झाल्या, आणि रेवती आरंभाचं ते पंचांग पुढे टिळक पंचांग म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्यात मकरसंक्रांत आजही १० जानेवारीच्या आसपास असते. आरंभबिंदू बाकीच्यांनी घेतला नाही, पण ग्रहांचं गणित आधुनिक वेधांशी जुळवून घ्यायची केरूनानांची पद्धत मात्र आज मराठी पंचांगांत सर्रास दिसते.

जाता जाता, श्रीरामपूरला रेल्वेने यायचं असेल तर तिकिटाच्या ॲपमध्ये ‘बेलापूर’ शोधा, कोड बीएपी. आणि नवी मुंबईचं बेलापूर निवडू नका.