निळ्या कपातला आनंद

लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीची मोठी कचेरी होती. चहा, नीळ, रेशीम अशा मालाचे हिशेब तिथे लिहिले जात. १७९२ साली सतरा वर्षांचा एक तोतरा, किडकिडीत मुलगा तिथे कारकून म्हणून चिकटला आणि तेहतीस वर्षे खतावण्या भरत राहिला. त्याचे नाव चार्ल्स लॅम. फडके-खांडेकरांनी आपल्याकडे जो लघुनिबंध लोकप्रिय केला, त्या घराण्याचा हा इंग्रज पूर्वज.

माझीही उमेदीची वर्षे बँकेच्या खतावण्यांत गेली, म्हणून लॅमविषयी मला अंमळ जास्तच जिव्हाळा. त्याचे निबंध वाचताना वाटते, किती सुखी माणूस असेल हा! प्रत्यक्षात तसे नव्हते.

त्याचे वडील एका वकिलाच्या पदरी होते. शाळेत कोलरिजसारखा जन्माचा मित्र मिळाला. पण तोतरेपणामुळे पुढचे शिक्षण हुकले. थोरली बहीण मेरी शिवणकाम करून घराला हातभार लावायची आणि अंथरुणाला खिळलेल्या आईची रात्रंदिवस सेवा करायची. २२ सप्टेंबर १७९६ रोजी जेवणाची तयारी चालू असताना तिचा तोल गेला आणि तिने सुरीने आईलाच मारले. चार्ल्सने धावत येऊन तिच्या हातून सुरी काढून घेतली. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. आदल्या हिवाळ्यात तो स्वतःही सहा आठवडे वेड्यांच्या इस्पितळात राहून आला होता.

वेडाच्या भरात घडले म्हणून मेरीला शिक्षा झाली नाही. तिला जन्मभर सांभाळण्याची हमी चार्ल्सने दिली आणि ती पाळली. तिचा आजार पुन्हा पुन्हा उसळे. चाहूल लागली की दोघे भावंडे हातात हात घालून, रडत रडत, शेतांतून इस्पितळाची वाट चालू लागत. बरी झाली की तो तिला घरी आणी. त्याने लग्न केले नाही. १८१९ साली एका अभिनेत्रीला मागणी घातली होती. तिने नकार दिला.

या दोन आजारपणांच्या मधल्या दिवसांत लॅमने आपला आनंद शोधला. जुन्या चिनी मातीच्या भांड्यांवरच्या निबंधात तो निळ्या नक्षीचे कप न्याहाळत बसतो आणि बहिणीच्या तोंडून गरिबीचे दिवस आठवतो. एका जाडजूड जुन्या पुस्तकावर दोघांचा कितीतरी आठवडे डोळा होता. अंगावरचा कोट झिजून गेला तरी नवा घ्यायचा लांबणीवर टाकला आणि एका शनिवारी रात्री दुकान बंद व्हायच्या वेळी ते पुस्तक घरी आणले! पुढे पैसा आला, पुस्तके सहज घेता येऊ लागली. पण त्या रात्रीची चव काही परत आली नाही.

आठवड्यातून एक संध्याकाळ त्याच्या घरी मित्र जमत. पत्ते, थंड मांस आणि बिअर, एवढाच बेत. वर्ड्‌स्वर्थ, हॅझलिट यांच्यासारखे मोठे लेखक येत, तसाच जॉर्ज डायरसारखा भोळा, विसराळू विद्वानही येई. दुसऱ्याची साधीशी कल्पना हाती लागली की लॅम तिच्यावर खूश होई. भाजलेल्या डुकराच्या पिल्लावरचा त्याचा प्रसिद्ध निबंध मॅनिंग या चीनला जाऊन आलेल्या मित्राने सुचवलेल्या कल्पनेतून फुलला. ‘एलिया’ हे टोपणनावही त्याने एका इटालियन कारकुनाकडून उसने घेतले. १८०७ साली शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी मुलांसाठी निघाल्या, त्यांतल्या बहुतेक मेरीने लिहिलेल्या.

१८२५ साली पेन्शन मिळाली, सालीना सुमारे साडेचारशे पौंड. सगळा वेळ आपला झाला आणि लॅम गोंधळून गेला. रोजच रविवार असेल तर रविवारची गंमत कुठली? निवृत्त वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

१८३४ च्या जुलैत कोलरिज गेला. डिसेंबरात फिरायला गेला असताना लॅम पडला, चेहऱ्याला खरचटले, जखम चिघळली आणि २७ तारखेला तो वारला. मेरी १८४७ पर्यंत जगली. एडमंटनच्या चर्चच्या आवारात दोघे एकाच थडग्यात आहेत.

दुःख विसरण्यासाठी त्याने हे छोटे आनंद जमवले, असे मला वाटत नाही. बहिणीला पुन्हा घरी आणायचे, तर घरात परतावेसे वाटेल असे काहीतरी हवे. ते त्याने रोज थोडे थोडे जमवून ठेवले.