अण्णा भाऊ साठे : तमाशाचे रूपांतर आणि अस्मितेचा प्रश्न

तुकाराम भाऊराव साठे तथा अण्णा भाऊ यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव (ता. वाळवा, जि. सांगली) येथे मातंग कुटुंबात झाला. ब्रिटिश राजवटीने या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. शालेय शिक्षण नाममात्र झाले. वडिलांसमवेत पायी मुंबई गाठल्यावर गिरणीतील कष्ट आणि कामगार चळवळ हीच त्यांची पाठशाळा ठरली.

१९४४ साली त्यांनी अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. तमाशा ही दलित कलावंतांनी जगविलेली, परंतु शिष्टसमाजाने हीन मानलेली कला. अण्णा भाऊंनी तिच्यातील गणाचा साचा ठेवला. गणेशस्तवनाच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आणले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा लोकनाट्य या नावाने तोच आविष्कार पुन्हा उभा राहिला. येथे केवळ नामांतर झाले नाही. ज्या कलेमुळे अवहेलना वाट्याला आली, तीच प्रतिकाराचे साधन बनली.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील त्यांची मैनेची छक्कड या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. पोटासाठी मुंबईत आलेल्या कष्टकऱ्याचा विरह हा तिचा प्रारंभ. पुढे हीच मैना बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या दुरावलेल्या मुलखाचे रूप घेते. लावणीचा शृंगार राजकीय आशयाला बाधक न ठरता त्याचा आधार होतो. भाषिक अस्मिता आणि वर्गजाणीव येथे परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

१९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेल्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीस १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. त्याच वर्षी त्यांनी रशियाचा प्रवास केला.

१ मे १९६० रोजी राज्य अस्तित्वात आले. मैनेच्या विरहातील मुलूख मात्र बाहेरच राहिला. ज्या मुंबईसाठी अण्णा भाऊ गायिले, तिथेच घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांची अनेक वर्षे गेली. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

निधनोत्तर काळात कोणी त्यांना साम्यवादी शाहीर म्हणून, कोणी दलित साहित्याचे अध्वर्यू म्हणून, तर कोणी मराठी अस्मितेचे गायक म्हणून स्वीकारले. ही विभागणी त्यांच्या कलेला मान्य होणारी नाही. गिरणी, मांगवाडा आणि महाराष्ट्र यांपैकी कोणालाही न पुसता तिन्हींना एकाच मुखाने बोलते करणे, हेच तिचे सामर्थ्य होय.