इमाम इब्ने तैमिया (रह.) : कैदेतील समाधान

इमाम तकीउद्दीन अहमद इब्ने तैमिया (रह.) यांचा जन्म इ. स. १२६३ मध्ये हर्रान येथे विद्वानांच्या घराण्यात झाला. ते अवघे सहा वर्षांचे असताना तातारांच्या भीतीने कुटुंबाने रातोरात गाव सोडले. सोबत ग्रंथांनी भरलेला गाडा होता. शत्रू जवळ असता तो वाटेत अडला, तेव्हा सर्वांनी अल्लाहकडे दुआ मागितली आणि ते सुखरूप दमिश्कला पोहोचले. पुढे वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या जागी इमाम साहेब हदीसचे अध्यापन करू लागले, तेव्हा त्यांचे वय २१-२२ वर्षांचे होते.

त्यांच्या अनेक मतांवर त्या काळीही वाद झाले, आजही होतात. तो विषय येथे नाही. येथे पाहावयाचे आहे ते एवढेच, की आयुष्यात वारंवार तुरुंगवास पत्करलेल्या या माणसाकडे लोक धीर मागावयास का येत असत.

इ. स. १३०६ मध्ये त्यांना कैरोत प्रथम दीर्घ कैद झाली. तेथील एका तुरुंगात कैदी बुद्धिबळ व फाशांच्या खेळात गुंतून नमाजही विसरले होते. इमाम साहेबांनी त्यांना नमाज, जिक्र आणि दुआ यांकडे वळविले, दीन शिकविला. परिणाम असा, की सुटका झालेल्या काही कैद्यांनाही त्यांची सोबत सोडवेना व ते तेथेच राहणे पसंत करू लागले. तुरुंगाचे दार उघडले असता आत राहावेसे वाटणे, ही गोष्ट साधी नव्हे!

इ. स. १३१० मध्ये सुलतान नासिर मुहम्मद पुन्हा तख्तावर आले. ज्या काजींनी इमाम साहेबांना छळले, त्यांनीच सुलतानांच्या प्रतिस्पर्ध्याची बाजू घेतली होती. सुलतानांना त्यांच्या वधासाठी फतवा हवा होता. इमाम साहेबांनी तो दिला नाही. उलट त्या काजींच्या विद्वत्तेची थोरवी सांगून त्यांचे प्राण वाचविले. एकदा शिष्य इब्ने कय्यिम (रह.) त्यांच्या कट्टर विरोधकाच्या मृत्यूची वार्ता आनंदाची बातमी म्हणून घेऊन आले. गुरूंनी त्यांना झिडकारले, तत्काळ मृताच्या घरी जाऊन कुटुंबाचे सांत्वन केले आणि यापुढे लागेल ती मदत आपल्याकडे मागावी, असे सांगितले. शोकाकुल घर त्या भेटीने हलके झाले.

इब्ने कय्यिम (रह.) यांनी आपल्या गुरूंविषयी जे नमूद केले आहे त्याचा आशय असा, की भय दाटून आले, जग अंगावर आले, की आम्ही त्यांच्याकडे जात असू, त्यांना पाहताच व दोन शब्द ऐकताच ते सारे ओसरत असे. स्वतः इमाम साहेबांची शिदोरी मात्र फजरनंतरचा जिक्र होता. दिवस बराच वर येईपर्यंत ते त्यात मग्न असत आणि त्यालाच आपली न्याहारी म्हणत.

इ. स. १३२६ मध्ये कबरींच्या दर्शनासाठी मुद्दाम प्रवास करण्याविषयीच्या जुन्या फतव्यावरून त्यांना दमिश्कच्या किल्ल्यात डांबण्यात आले. आदेश त्याच सुलतानांचा होता. इब्ने कय्यिम (रह.) हेही त्याच किल्ल्यात, पण वेगळे कैद होते. इमाम साहेबांनी तक्रार केली नाही. किल्लाभर सोने वाटले तरी या एकांताचे आभार फिटणार नाहीत, अशी त्यांची भावना होती. ते लिहीत राहिले. अखेरच्या महिन्यांत ग्रंथ, कागद व शाई काढून घेण्यात आली, तेव्हा त्यांनी कोळशाने लिहिले.

सोबत असलेल्या भावासह त्यांनी कैदेत कुरआनचे ८० पठण पूर्ण केले. एक्क्याऐंशीव्या पठणात दोघे सूरह अल-कमरच्या शेवटच्या आयतींपर्यंत आले, जेथे अल्लाहचे भय बाळगणाऱ्यांच्या बागांचा व नद्यांचा उल्लेख आहे. २६ सप्टेंबर १३२८ रोजी त्यांचे निधन झाले. बाजार बंद राहिले, जनाजासाठी दमिश्क लोटले. किल्ल्यातून मय्यत हलविण्यापूर्वी दोन सज्जनांनी तिच्याजवळ बसून सूरह अर-रहमानपासून पठण हाती घेतले आणि ते एक्क्याऐंशीवे पठण पूर्ण केले.