कवट्यांची मापे आणि इरावतीबाई

डॉ. इरावती कर्वे यांचे नाव घेताच मराठी वाचकास ‘युगान्त’ आठवते. महाभारतातील व्यक्तींकडे माणूस म्हणून पाहणाऱ्या या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. परंतु या विदुषीचे पहिले मोठे शास्त्रीय कार्य मानवी कवट्यांच्या मोजमापाचे होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. तेथील इरावती नदीवरूनच त्यांचे नाव ठेवले गेले. पुण्याच्या हुजूरपागेत व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे सासरे. सुनेने जर्मनीस जावे हे महर्षींना रुचले नव्हते. पती दिनकर कर्वे मात्र ठामपणे पाठीशी उभे राहिले.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातील त्या काळचे मोठे प्रस्थ. युरोपीय माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत अधिक फरक असतो आणि ते बौद्धिक श्रेष्ठत्वाचे लक्षण आहे, अशी त्यांची धारणा होती. ती तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी १४९ कवट्यांची बारकाईने मापे घेतली. फरक सर्वच कवट्यांत आढळला. वंशाशी त्याचा संबंध मात्र दिसला नाही. परक्या देशातील विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध निष्कर्ष लिहिणे सोपे नव्हते. त्यांनी तो लिहिला आणि पदवी घेऊन १९३० मध्ये त्या परतल्या. हेच फिशर १९३३ मध्ये नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निष्कर्षाचे मोल कळते.

सीटी स्कॅनमुळे आज हीच विषमता जिवंत माणसाच्या चेहऱ्यातही पाहता येते. नाकाचा मधला पडदा बहुतेकांचा थोडाफार वाकडा असतो. गालाच्या हाडातील आणि कपाळातील हवेच्या पोकळ्या, म्हणजेच सायनस, दोन्ही बाजूंना क्वचितच तंतोतंत सारख्या असतात. कपाळातील सायनसची ठेवण तर इतकी व्यक्तिगत असते की अनोळखी मृतदेहाची ओळख पटविण्यास तिचा उपयोग होतो. पडदा ज्या बाजूस झुकला, त्या बाजूची पोकळी लहानच असते असाही सरळ नियम नाही. याविषयीच्या अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. नाकाच्या रुंदीचा काही अंशी हवामानाशी संबंध आढळतो: शिरोड्यासारख्या उष्ण, दमट किनाऱ्यावरील हवा आणि थंड, कोरड्या प्रदेशातील हवा यांचे नाकापुढचे काम वेगवेगळे असते. बुद्धीशी वा श्रेष्ठत्वाशी मात्र यातील कशाचाही संबंध नाही.

भारतातही नाकाच्या मापावर सामाजिक उतरंड बसविण्याचा उद्योग झाला होता. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी १८९१ मध्ये नाकाची रुंदी आणि जातीचे स्थान यांची सांगड घातली होती. इरावतीबाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी अनेक जातिजमातींची शरीरमापे घेतली. समान दर्जाच्या आठ ब्राह्मण पोटजातींवरील, कैलाश मल्होत्रा यांच्यासह केलेला त्यांचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच नावाखाली वावरणाऱ्या पोटजाती शरीराने वेगवेगळ्या असू शकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. एका जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, हे आपल्या गुरूंचे मत त्यांनी येथेही स्वीकारले नाही.

त्यांच्या कार्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत त्यांनी नाकारला, तरी माणसांच्या गटांना शरीराच्या मापांतून ओळखण्याची बर्लिनची पद्धत त्यांनी सोडली नाही. पुढे आनुवंशशास्त्राच्या प्रगतीमुळे ती पद्धत मागे पडली. नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा १९५३ चा इंग्रजी ग्रंथ मात्र आजही अभ्यासला जातो.

११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. ललित लेखनाने त्यांना कीर्ती दिली. हाती आलेली मापे मोठ्या नावापुढे झुकवायची नाहीत, हा त्यांचा शास्त्रीय बाणाही तितकाच स्मरणीय आहे.