शिकारी आणि रक्षक

अमेरिकेचे अध्यक्षपद मार्च १९०९ मध्ये सोडताच थिओडोर रूझवेल्ट पुत्र केरमिटसह पूर्व आफ्रिकेच्या शिकारमोहिमेवर निघाले. स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयासाठी नमुने जमविणे हा तिचा घोषित हेतू होता. पितापुत्रांनी मिळून ५१२ जनावरे मारली. सिंह, हत्ती, गेंडे यांच्याबरोबर झेब्रेही त्यांत होते. झेब्र्याचा भाऊबंद क्वागा बेसुमार शिकारीपायी १८८३ मध्ये नामशेष झाला होता. स्वदेशात ५१ पक्षी-अभयारण्ये घोषित करणाऱ्या या निसर्गप्रेमी पुरुषालाही शास्त्र कोठे संपते आणि हौस कोठे सुरू होते, याची रेषा आखता आली नाही. १९१९ मध्ये ते निवर्तले. संयम शिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवून भागत नाही, हाच त्यांच्या चरित्राचा धडा होय. स्वतंत्र केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घालून तो कायद्यात उतरविला.