आकाशवाणीच्या धुनेमागचा माणूस

पहाटे रेडिओचं बटण फिरवलं, की बातम्या, भक्तिगीतं, शेतीचा सल्ला या सगळ्यांच्या आधी एक धून वाजते. मागे तानपुरा आणि त्यावर व्हायोलिनचे मोजके, थोडे उदासच वाटणारे सूर. शब्द एकही नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यात एके काळी कितीतरी घरांत घड्याळ नव्हतं, पण नागपूर केंद्र लागायचं. धून वाजली म्हणजे उठायची वेळ झाली. अंगणात सडा टाका, चूल पेटवा, रोवणीचे दिवस असतील तर भाकरी बांधून बांधीकडे निघा. दोन-तीन पिढ्यांच्या बायकांची सकाळ या धुनेने सुरू झाली आहे.

ही धून कुणी बांधली, असं विचारलं तर बहुतेक जणी एखाद्या मोठ्या पंडितजींचं नाव घेतील. पण मैत्रिणींनो, ज्यांचं नाव या धुनेशी जोडलं जातं ते गृहस्थ ना मराठी, ना बंगाली, ना भारतीय. त्यांचं नाव वॉल्टर कॉफमन. हिटलरच्या छळाआधी वेळेवर युरोप सोडून मुंबईत आलेला हा ज्यू संगीतकार. आपल्याकडच्या संगीतावर त्यांनी पुढे आयुष्यभर काम केलं, पण त्यांचं नाव आपल्यातल्या कितीजणींना माहीत आहे?

वॉल्टर यांचा जन्म १ एप्रिल १९०७ चा, कार्ल्सबाद गावचा. हे गाव आज चेक देशात आहे आणि त्याला कार्लोव्ही वारी म्हणतात. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं. तेव्हा तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राटाचं राज्य होतं. मुलगा हुशार, संगीतात गती चांगली. बर्लिनला जाऊन त्यांनी फ्रान्झ श्रेकर या नामवंत संगीतकाराकडे रचनेचे धडे घेतले. तिथेच कुर्ट झाक्स नावाचे विद्वान शिकवत. जगभरच्या वाद्यांचा अभ्यास करणारा हा माणूस. युरोपबाहेरही संगीत आहे, आणि ते नुसतं कानावर घ्यायचं नसतं तर अभ्यासायचं असतं, हे बीज बहुधा इथेच पडलं असावं.

बर्लिननंतर ते प्रागच्या जर्मन विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी गुस्ताव माहलर या थोर संगीतकारावर प्रबंध लिहिला. प्रबंध पूर्ण झाला, आता पदवी घ्यायची तेवढी बाकी. तेवढ्यात त्यांना कळलं, की आपले प्राध्यापक नाझी तरुणांच्या संघटनेचं पुढारीपण करतात. कॉफमन यांनी पदवी घ्यायलाच नकार दिला. हातातोंडाशी आलेली डॉक्टरेट सोडून दिली! नावापुढे दोन अक्षरं लागावीत म्हणून माणसं काय काय करतात ते आपण पाहतोच. इथे पंचविशी ओलांडलेला, नोकरीची शाश्वती नसलेला एक तरुण तत्त्वासाठी ती अक्षरं नाकारतो. मला त्यांच्या साऱ्या आयुष्यातली ही गोष्ट फार मोठी वाटते.

१९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू कलावंतांना तिथले दरवाजे बंद झाले. पुढे काय वाढून ठेवलंय हे अनेकांना कळलं नाही, कॉफमन यांना कळलं. १९३४ मध्ये त्यांनी मुंबईचा रस्ता धरला. मुंबईच का? तर इथे येण्याचा परवाना सहज मिळत होता. बस्स, एवढंच साधं कारण. आपल्या अध्यात्माची ओढ वगैरे काही नाही.

मुंबईत आल्यावर त्यांनी आपल्या संगीताच्या तबकड्या ऐकल्या आणि ते चक्रावून गेले. हे काय आहे, हे त्यांना कळेना. त्यांच्या कानाला एकाच वेळी अनेक सूर एकमेकांत गुंफलेले ऐकायची सवय. आपलं गाणं एकाच सुराच्या मागे जातं, त्याला खुलवत, आळवत, पुन्हा षड्जावर येतं. त्यांना ते परकं, जवळजवळ असह्य वाटलं. पण पुढे त्यांनी जो विचार केला तो पाहण्यासारखा आहे. हे संगीत मन आणि बुद्धी असलेल्या माणसांनीच केलं आहे, लाखो लोक त्यावर प्रेम करतात. तेव्हा मला ते आवडत नसेल तर कमतरता माझ्यात आहे. आणि मग त्यांनी ते शिकायला घेतलं. ज्या देशाचे तेव्हा इथे राज्य होते, त्या देशातून आलेले किती साहेब असा विचार करत होते?

पोटापाण्यासाठी मात्र त्यांचं स्वतःचं संगीतच कामी आलं. आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. चेंबर म्युझिक म्हणजे दिवाणखान्यात बसून ऐकायचं संगीत. शंभर वादकांचा ताफा नाही, तीन-चार जणांचीच मैफल. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम व्हायचा. पियानोवर स्वतः कॉफमन, सेलोवर एडिजिओ व्हेर्गा आणि व्हायोलिनवर मेहली मेहता. हे मेहली मेहता म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या झुबिन मेहतांचे वडील. मे १९३७ पर्यंत या मंडळींनी १३६ कार्यक्रम केले होते. तीन वर्षंही झाली नव्हती! घर वॉर्डन रोडजवळच्या रेवा हाउस नावाच्या बंगल्यात. मोहन भवनानी या चित्रपट दिग्दर्शकांशी ओळख झाली आणि कॉफमन यांनी त्यांच्या चित्रपटांना संगीताची साथ दिली. प्रागहून जीव वाचवून आलेले त्यांचे मित्र, लेखक विली हास, हेही भवनानींसाठी पटकथा लिहू लागले.

मग आला रेडिओ. १९३६ साली सरकारी नभोवाणीला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं आणि १९३७ पासून १९४६ पर्यंत कॉफमन मुंबई केंद्रावर युरोपियन संगीताचे प्रमुख होते. आपली ती धून १९३६ सालची. शिवरंजनी रागावर आधारलेली, आणि व्हायोलिन वाजवलंय मेहली मेहतांनी असं सांगतात. (काही जण धुनेचं श्रेय ठाकूर बलवंत सिंग यांनाही देतात, तेही इथे नोंदवते.) गाणं शिकणाऱ्या मुलींना शिवरंजनी सांगायला नको. भूप रागातला शुद्ध गंधार काढून तिथे कोमल गंधार ठेवला, की झाला शिवरंजनी. एका सुराचा फरक, पण प्रसन्न भूपाचा एकदम व्याकूळ शिवरंजनी होतो. सिनेमातल्या विरहाच्या कितीतरी गाण्यांना संगीतकारांनी हाच राग दिला. मला या धुनेत आवडतं ते हे, की पाश्चात्त्य संगीतात मुरलेल्या या माणसाने तिच्यावर आपलं शास्त्र लादलं नाही. तानपुरा आपल्या जागी, सूर आपल्या जागी. दोनच वर्षांपूर्वी ज्याला हे संगीत ऐकवत नव्हतं, त्याचं हे काम!

रेडिओसाठी त्यांनी ‘अनसूया’ नावाची संगीतिकाही लिहिली. ती १९३८ साली मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हिटलरच्या फौजा त्यांच्या जन्मगावात, कार्ल्सबादमध्ये शिरल्या. पुढच्या मार्चमध्ये प्रागही गेलं. परत जायला गाव उरलं नाही.

इथे त्यांच्या पत्नीबद्दल सांगायलाच हवं, कारण कॉफमन यांच्याबद्दल लिहिणारे बरेच जण त्यांना एका ओळीत उरकतात. त्यांचं नाव गर्टी. माहेरच्या हरमन. आणि त्यांचे सख्खे मामा कोण, तर फ्रान्झ काफ्का! मराठीचा किंवा इंग्रजीचा अभ्यास केलेल्या मैत्रिणींना काफ्का हे नाव ठाऊक असेल. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या लेखकांपैकी एक. काफ्का १९२४ मध्ये क्षयाने गेले. त्यांच्या तिन्ही बहिणी मागे राहिल्या. थोरली एली ही गर्टींची आई. नाझींनी १९४१ मध्ये एलींना पोलंडमधल्या वूज इथल्या बंदिस्त वस्तीत पाठवलं आणि पुढच्या वर्षी मारून टाकलं. दुसऱ्या दोघी बहिणीही तशाच गेल्या. गर्टींची धाकटी बहीण हानाही वाचली नाही. गर्टी वाचल्या.

मी या बाईचा फार विचार करते. मुंबईसारख्या परक्या गावात, घामाच्या धारांमध्ये, अनोळखी भाषेत संसार मांडायचा. नवरा दिवसभर रेडिओवर, संध्याकाळी मैफलीत. आणि लक्ष सगळं टपालाकडे. माहेरचं पत्र एक दिवस येईनासं होतं. आपल्याला दोन दिवस आईचा फोन आला नाही तर जीव खालीवर होतो.

मुंबईच्या बारा वर्षांत कॉफमन यांनी भरपूर लिहिलं. चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना, व्हायोलिन-पियानोच्या रचना, ‘नवरत्नम्’ नावाची पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मालिका, एक ‘इंडियन सिंफनी’. ‘मद्रास एक्स्प्रेस’ नावाचीही त्यांची एक रचना आहे, आगगाडीच्या चालीवर. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून धडधडत निघून जाणाऱ्या गाड्या ज्यांनी ऐकल्यात, त्यांना त्यात काय असेल याची कल्पना यावी! या रचनांचा सांगाडा पाश्चात्त्य, पण मधेच एखादा रागाचा तुकडा, आपल्यासारखा ताल डोकावतो.

१९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. लंडनला थोडा काळ, मग १९४७ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सला पियानो शिकवायची नोकरी आणि १९४८ पासून विनिपेग शहराच्या सिंफनी वाद्यवृंदाचे पहिले संचालक. विनिपेगचा हिवाळा म्हणजे शून्याच्या खाली तीस अंश. मुंबईच्या दमट हवेत बारा वर्षं काढलेल्या माणसाने तिथे नवा वाद्यवृंद उभा केला आणि नऊ वर्षं चालवला. गर्टींशी त्यांचं नातं टिकलं नाही. १९५१ मध्ये त्यांनी पियानोवादक फ्रिडा ट्रेपेल यांच्याशी लग्न केलं.

१९५७ मध्ये ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात, ब्लूमिंग्टनला गेले आणि तिथेच स्थिरावले. डॉक्टरेट नाकारलेला माणूस वीस वर्षं विद्यापीठात संगीतशास्त्र शिकवत राहिला. तिथे १९६१ मध्ये त्यांचा ‘द स्कार्लेट लेटर’ हा ऑपेरा रंगमंचावर आला. नवऱ्याखेरीज दुसऱ्या पुरुषापासून मूल झालं म्हणून जिच्या छातीवर गावाने लाल अक्षर लावलं, आणि जिने त्या पुरुषाचं नाव शेवटपर्यंत तोंडातून काढलं नाही, तिची ही कथा. मूळ कादंबरी १८५० सालची. गाव कुठलंही असो, बोट बाईकडेच.

पण आपल्यासाठी त्यांचं खरं काम पुस्तकांचं आहे. १९६८ मध्ये त्यांचं उत्तर भारतीय रागांवरचं जाडजूड पुस्तक आलं. आपल्या पंडित भातखंड्यांनी घालून दिलेल्या दहा थाटांच्या मांडणीने त्यात शेकडो राग स्वरलिपीसह दिले आहेत. १९७६ मध्ये दक्षिणेच्या रागांवरचं आलं. तिबेटी मठांतल्या पठणावर, पूर्वेकडच्या देशांतल्या स्वरलेखनावरही त्यांनी ग्रंथ लिहिले. परदेशात आपलं संगीत शिकू पाहणाऱ्या कित्येकांच्या हाती ही पुस्तकं गेली.

आणि एक गोष्ट कळली तेव्हा मी खरंच थबकले. मुंबईत असतानाच त्यांनी गोंड आणि बैगा लोकांच्या गाण्यांवर काम केलं होतं. त्यावरचा त्यांचा लेख १९४१ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या संगीत-त्रैमासिकात छापून आला. पुढे १९६० आणि १९६१ मध्ये बस्तरच्या माडिया आणि मुरिया गोंडांची गाणी आणि वाद्यं यांवरही त्यांनी लेख लिहिले. बस्तर आपल्याला काही फार लांब नाही. भंडारा, १९९९ मध्ये आपल्यापासून वेगळा झालेला गोंदिया, पलीकडे गडचिरोली आणि मग बस्तर. गोंडांची वस्ती या सगळ्या पट्ट्यात आहे. बचत गटाच्या कामासाठी साकोलीकडच्या वाड्यांवर जाते तेव्हा लग्नसराईत बायकांचा रेला कानावर येतो. आम्ही जवळ गेलो की त्या लाजून गप्प होतात. आमचं काय ऐकता, बाई, गावंढळ गाणं ते, असं म्हणतात. त्यांना हे कुणी शिकवलं? आपणच. शाळेच्या स्नेहसंमेलनात सिनेमाची गाणी चालतात, रेला चालत नाही. ज्या गाण्याला आपण गावंढळ ठरवलं, त्याचे सूर एका परदेशी संगीतकाराने ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी कागदावर उतरवून जगापुढे ठेवले. भंडारा, गोंदिया, नागपूरच्या महाविद्यालयांतून संगीत आणि मराठी शिकवणाऱ्या भगिनींनी हे लेख मिळवून मुलींपुढे ठेवावेत. त्यातली चाल आज कुठल्या वाडीवर अजून गातात का, हे मुलींनाच शोधायला सांगावं. एखादीच्या आजीला येतही असेल.

वॉल्टर कॉफमन ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टनला वारले. त्यांची हस्तलिखितं तिथल्या विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात आहेत. बरीच वर्षं ती तशीच पडून होती. टोरांटोचा एक वादकसंच नाझींमुळे देशोधडीला लागलेल्या संगीतकारांच्या रचना शोधून वाजवतो. त्यांनी २०२० मध्ये कॉफमन यांच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली. तीतल्या बऱ्याचशा रचना मुंबईच्या दिवसांतल्या आहेत.